एकच काटा, एकच भाव : कापूस एकाधिकाराच्या दिवसांचे अनुभव

यंदा दिवाळीनंतर घराच्या मधल्या खोलीत कापूस छतापर्यंत भरलेला असताना पुण्याला नोकरी करणाऱ्या पुतण्याने मला विचारले, "काकू, तुमच्या काळी सगळा कापूस सरकारच घेत होतं म्हणे. मग कास्तकाराला चिंताच नसेल?" मी तीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवले, पंचवार्षिक योजनांचा धडा दरवर्षी फळ्यावर लिहिला, माहेर आणि सासर दोन्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या कापूसवाल्यांचे; आणि तरीही त्या मुलाला एका वाक्यात उत्तर देता आले नाही. म्हणून हा धागा काढते आहे.

नव्या वाचकांसाठी थोडे सांगते. महाराष्ट्राने १९७१ साली कायदा केला आणि १९७२-७३ च्या हंगामापासून राज्यातला कच्चा कापूस विकत घेण्याचा अधिकार फक्त शासनाच्या यंत्रणेकडे ठेवला. कापूस गोळा करणे, प्रतवारी, जिनिंग-प्रेसिंग (सरकी काढून रुईच्या गाठी बांधणे) आणि गाठींची विक्री हे सारे एकाच हाताने व्हायचे. हमीभाव आधी जाहीर व्हायचा, हंगामाअखेर नफा उरला तर त्यातून बोनस मिळायचा आणि एक हिस्सा भावातली चढउतार झेलण्यासाठी राखून ठेवायचा, अशी मूळ कल्पना होती. २००२ च्या हंगामात खासगी व्यापाऱ्यांना पुन्हा खरेदीची मोकळीक मिळाली. रशियातल्यासारखी ही संपूर्ण नियोजित शेती नव्हती, हेही सांगायला हवे. जमीन शेतकऱ्याचीच होती आणि वावरात काय पेरायचे हे कोणी सांगत नव्हते. मात्र पीक हातात आल्यावर ते कोणाला आणि कितीला द्यायचे, हा निर्णय त्याच्याकडून काढून घेतला गेला होता, आणि मला अनुभव हवे आहेत ते नेमके या भागाचे. लेव्ही (सरकारला सक्तीने घालायचे धान्य), परमिट, रेशन यांचेही चालतील. खरेदी केंद्राचे किंवा अधिकाऱ्याचे नाव कृपया लिहू नका. हिशेब पद्धतीचा मांडायचा आहे, माणसांचा नाही.

बंडीवर झोपलेला मुलगा, आता वय ५७

ही १९८० च्या आसपासची गोष्ट आहे आणि मी तेव्हा सातवीत होतो. बंडीच्या चारही बाजूंना तट्टे बांधून, कापूस पायाने दाबून भरायचा, ही आमच्या घरची सणासारखी लगबग असे. बाबांनी रात्री दोनला बैल जुंपले, केंद्रावर आम्ही दिवस उजाडता पोहोचलो, आणि तिथे आमच्या पुढे इतक्या बंड्या होत्या की रांगेचे तोंड दिसत नव्हते. एका माणसाने आमच्या बंडीच्या साटीवर खडूने आकडा टाकला. त्या आकड्याची पाळी चौथ्या दिवशी आली. बैलांसाठी आणलेले कुटार दुसऱ्याच दिवशी संपले, आणि तिथे विकायला बसलेल्या माणसाकडून कडबा घ्यावा लागला, तो घरच्या भावाच्या दुप्पट होता.

तिसऱ्या रात्री बाबांनी कापसावरची ताडपत्री काढून घडी करून ठेवली. थंडीने माझे दात वाजत होते. मला वाटले, बाबा घालायचे विसरले. सकाळी बंडीवरचा कापूस हाताला गार आणि जड लागला. आमच्या पुढच्या आणि मागच्या बंड्याही उघड्याच होत्या. दव पिऊन कापूस जड होतो, हे मला कोणी शिकवले नाही, मी ते त्या सकाळी पाहिले. बाबा माळकरी होते, उसने घेतलेले मीठही परत करणारे. कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर आपल्याला लुबाडणार हे त्यांनी धरूनच ठेवले होते आणि आपण चार किलो पाणी घातले तर बिघडले कुठे, असा त्यांचा हिशेब होता.

ग्रेडरने कोपरापर्यंत हात बंडीत घातला, आतून मूठभर कापूस काढला, दोन्ही अंगठ्यांत धरून धागा ओढला आणि माझ्या बाबांकडे न पाहता "फेअर" म्हणून पुढे गेला. "फेअर" ही खालची प्रत; आमचा कापूस त्याहून वरच्या प्रतीचा, एफएक्यू होता, हे आजूबाजूचे सगळे म्हणत होते. बाबांनी विनंती केली, तेव्हा कारकून शांतपणे म्हणाला, "पटत नसेल तर बंडी घरी न्या." भाव पटला नाही तर शेतकरी दुसऱ्या अडत्याच्या दारात बंडी लावतो, इथे दुसऱ्या दाराच्या जागी कायद्यानेच भिंत बांधलेली होती. आम्ही कापूस मोजून दिला.

निवृत्त ग्रेडर, वऱ्हाड

वरचा अनुभव वाचून मला राग आला नाही, कारण तो खरा आहे. दुसरी बाजू सांगतो. आमच्या पटांगणावर दिवसाला जेवढा कापूस जिनिंग उचलू शकत असे, त्याच्या तिप्पट येत असे, कारण हमीभाव सगळ्या हंगामासाठी एकच होता. डिसेंबरात आणला काय किंवा मार्चमध्ये आणला काय, पैसा तोच. मग घरात कापूस ठेवून उंदीर, आग आणि अंगाची खाज कोण सोसणार? व्यापाऱ्याच्या बाजारात आवक वाढली की भाव उतरतो, काही जण थांबतात, आणि रांग आपोआप लांब-आखूड होत राहते. आमच्याकडे भाव हलत नव्हता, म्हणून रांगच वाढायची.

प्रतवारीचे तक्ते वरून यायचे. त्यात वाण होते, प्रती होत्या, प्रत्येक प्रतीचा फरक रुपयांत दिलेला होता. एच-४ सारखा लांब धाग्याचा कापूस आणि एलआरए-५१६६ सारखा वाण वेगवेगळ्या गंजीत पडायला हवेत, हे मला शिकवलेले होते. मात्र पटांगण एक, हमाल तेवढेच, संध्याकाळपर्यंत दोनशे बंड्या मोकळ्या करायच्या, अशा वेळी काय होते ते सांगायला नको. चांगला, मध्यम आणि ओला असा सगळा कापूस एका गंजीत जायचा. एक क्विंटल कापसातून साधारण ३३-३४ किलो रुई निघते आणि बाकी बहुतेक सरकी. उताऱ्यात एक किलोचा फरक पडला तर जिनवाल्याचा नफा त्यातच असतो. खासगी जिनवाला म्हणून तर बंडीभोवती दोनदा फिरतो. माझा पगार मात्र उतारा ३२ आला तरी तोच होता आणि ३५ आला तरी तोच. गिरणीवाल्यांनी मिसळलेल्या गाठी एकदा पाहिल्या की पुढच्या वेळी ते भाव पाडूनच बोलायचे. ज्या शेतकऱ्याने निगुतीने वेचणी करून पांढराशुभ्र कापूस आणला, त्याच्या मेहनतीची खूण त्या गंजीत शिरताक्षणी पुसली जायची. दोन-तीन वर्षे असे झाल्यावर त्यानेही पालापाचोळा झटकणे सोडले. मी त्याला दोष देत नाही.

मे महिन्यात वळवाच्या पावसाने उघड्यावरची गंजी भिजली, तेव्हा मी आणि चौकीदार दोघेच ताडपत्र्या ओढत होतो. तो कापूस कोणाचा होता? शेतकऱ्याचा नव्हता, कारण त्याने तो मोजून दिला होता. माझाही नव्हता. मुंबईतल्या साहेबांनी तर तो पाहिलाही नव्हता.

धागाकर्ती

काकांच्या गंजीवर थोडे बोलते. १९२० साली ऑस्ट्रियन अर्थतज्ज्ञ लुडविग फॉन मिझेस यांनी मांडले होते की, उत्पादनाच्या साधनांना खरा बाजारभाव नसेल तर नियोजनकर्त्याला काटकसर आणि उधळपट्टी यांतला फरक मोजायला साधनच उरत नाही. १९४५ मध्ये फ्रीडरिख हायेक यांनी पुढे दाखवले की, लाखो माणसांकडे विखुरलेली, त्या त्या जागेची आणि वेळेची माहिती भावातून एकमेकांपर्यंत पोहोचते. ती कोणत्याही एका मंडळाला गोळा करता येत नाही. हे मी वर्गात शिकवताना मुले जांभया द्यायची. ३३ चा उतारा आणि ३५ चा उतारा एका गंजीत मिसळणे, एवढे उदाहरण दिले असते तर बरे झाले असते.

व्यापाऱ्याचा मुलगा

थोडक्यात लिहितो, कारण यात मिरवण्यासारखे काही नाही. केंद्रावर दिलेल्या कापसाचे चुकारे, म्हणजे पैसे, वेळेवर होत नसत. बायकोचे बाळंतपण, सोसायटीचा तगादा, मुलीचे लग्न यांना मार्चपर्यंत थांबता येत नाही. माझे वडील संध्याकाळी गावोगाव फिरून खेडा खरेदी करत: रोख पैसे, हमीभावाहून कमी दर, वजन आमच्याच काट्यावर. तोच कापूस पुढे नात्यातल्या, ओळखीतल्या सातबारावाल्यांच्या नावे केंद्रावर पोहोचत असे आणि सहा महिने थांबायची ऐपत असल्याने पुरा भाव आम्हाला मिळत असे. व्यापाऱ्याला हटवण्यासाठी केलेल्या कायद्याने आमच्या घराला दुसरा मजला चढवला. ज्याच्यासाठी कायदा होता, त्याला थांबण्याची ताकदच नव्हती.

पैनगंगेकाठचा

आमचे गाव महाराष्ट्रात आणि नदीपलीकडे आदिलाबाद जिल्हा, तेव्हाचा आंध्र प्रदेश. जानेवारीनंतर नदी गुडघाभर असते. ज्या वर्षी पलीकडच्या खासगी बाजारात भाव चढा असे, त्या वर्षी आमचा कापूस रात्री गाठोड्यांनी पलीकडे जात असे. नाक्यावर पोलीस, नदीत आम्ही. आपल्या वावरात पिकवलेला कापूस विकायला नेताना आमच्या थोरल्या भावाला तस्कर म्हणून पकडले होते, तेव्हा आई पोलिसाला म्हणाली होती, "बावा, चोरी केली तं सांग, कोनाची केली?" त्याच्याकडे उत्तर नव्हते, आणि खरे तर माझ्याकडे आजही नाही.

नव्वदच्या दशकात वारे उलटे फिरले. निवडणुका, मोर्चे आणि हमीभावावर आगाऊ बोनस, यांमुळे आमच्याकडचा दर बाहेरच्या बाजारापेक्षा वर गेला, आणि मग पलीकडचा कापूस इकडे येऊ लागला. पेरेपत्रकात (पिकांच्या सरकारी नोंदीत) तूर असलेल्या वावरांत कापूस उभा राहिला. खडकाळ टेकडीच्या सातबारावर एकरी इतका कापूस पिकल्याचे दाखवले गेले की कृषी विद्यापीठाने तिथे येऊन संशोधन करावे. तोट्याचा खड्डा हजारो कोटींत गेला असे पुढे वर्तमानपत्रांत वाचले, तेव्हा आमच्या गावात कोणाला आश्चर्य वाटले नाही. त्यातला थोडा खड्डा आम्हीच खणला होता.

ताश्कंदला शिकलेला

मी वर्धा जिल्ह्यातल्या कापूस उत्पादकाचा मुलगा. ऐंशीच्या दशकात शिष्यवृत्ती मिळून सोव्हिएत संघात, ताश्कंदला अभियांत्रिकी शिकायला गेलो. तिथे पहिल्याच आठवड्यात कळले की उझबेक भाषेतही कापसाला पांढरे सोनेच म्हणतात, आणि परक्या देशात घर भेटल्यासारखे वाटले. सप्टेंबर उजाडला की आमचे स्थानिक वर्गमित्र वर्गातून नाहीसे व्हायचे. त्यांना वेचणीसाठी शेतावर नेत. परत आल्यावर ते बोटांवरच्या जखमा दाखवत. बोंडाचे टोक नखाशी टोचते, ती जखम मी आईच्या हातावर पाहिलेली होती.

योजनेचा आकडा मॉस्कोत ठरायचा आणि तो टनांत असायचा, त्यामुळे कापसाचा ओलावा, काड्या, माती सगळे टनांत मोजले जायचे. माझ्या बाबांची बंडी आणि त्यांची ट्रॉली यांत मला फरक दिसेना. मी तिथे असतानाच तो मोठा घोटाळा उघड होत होता: वर्षानुवर्षे जो कापूस पिकलाच नव्हता तो कागदावर पिकवून, वरपर्यंत लाच देऊन, त्याचे पैसे उचलले गेले होते. उझबेक प्रजासत्ताकाचे पक्षप्रमुख शराफ रशिदोव १९८३ मध्ये वारले आणि त्यानंतर एकामागून एक अधिकारी पकडले गेले. पैनगंगेकाठच्या दादांनी लिहिलेली टेकडी वाचून मला तेच आठवले. जेव्हा वरच्याला फक्त आकडा दिसतो, तेव्हा खालचा माणूस आकडाच पिकवतो.

एक गोष्ट मात्र मी त्या वेळी पाहिली नाही, आणि आमच्यापैकी कोणी त्यावर बोललेही नाही. कापसाच्या सिंचनासाठी अमूदर्या आणि सिरदर्या या नद्यांचे पाणी वळवले गेले आणि १९६० साली जगातला चौथा मोठा असलेला अरल समुद्र आटत गेला. मुयनाक बंदरातल्या मासेमारीच्या बोटी वाळूत रुतून पडल्या. पाण्याला किंमत नव्हती, मासेमाऱ्याला योजनेत मत नव्हते, आणि कापसाचा टन तेवढा मोजला जात होता.

उलट एक दृश्य रोज दिसायचे. सरकारी दुकानात एकाच मापाचे बूट आणि रिकामी फळी. पुढच्या चौकात आलाय बाजारात टरबुजांचे डोंगर, टोमॅटो, कोथिंबीर आणि घासाघीस. शेतकऱ्यांना घराजवळचा जो छोटा तुकडा स्वतःसाठी दिलेला होता, त्यातला हा माल. सगळ्या सोव्हिएत संघात असे तुकडे लागवडीच्या जमिनीच्या जेमतेम तीन टक्के होते आणि शेती उत्पादनाचा सुमारे चौथा हिस्सा त्यांतून येत होता. तीच माणसे, तीच माती आणि तेच हवामान होते.

पेवाची राखणदार, वय ७८

नातीला सांगून लिहवून घेत आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा ज्वारीची लेव्ही होती. पीक किती झाले हे न पाहता जमिनीच्या एकरांवर पोती ठरायची आणि बाजारापेक्षा कमी दराने सरकारला घालावी लागायची. जिल्ह्याबाहेर धान्य नेण्यास बंदी. सासूबाईंनी अंगणातल्या पेवात, म्हणजे धान्य साठवायच्या खड्ड्यात, ज्वारी भरली, वर कडबा, त्यावर माती, आणि त्या मातीवर तुळशीवृंदावन हलवले. तपासणीचा माणूस आला तेव्हा मी त्याच तुळशीला पाणी घालत होते आणि माझा हात थरथरत होता. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नसते, आतल्या वाफेने माणूस गुदमरतो. म्हणून उघडून अर्धा दिवस ठेवायचे. त्यामुळे पेव रात्रीच उघडायचो. पेवातल्या ज्वारीला एक आंबूस वास लागतो, भाकरीलाही तो यायचा, आणि शेजारी आला की आम्ही ताट झाकायचो. आमच्याच घामाची भाकर आम्ही चोरासारखी खाल्ली.

पुढे बहात्तरचा दुष्काळ पडला. आमची टपोरी ज्वारी आधीच लेव्हीत गेली होती आणि रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी मिळाली. गाईसुद्धा तिच्याकडे पाहून मान फिरवायच्या. पण खरे सांगायचे तर त्या साली मिलो आणि खडी फोडण्याचे सरकारी काम नसते, तर आमच्या गावातली गरीब घरे उरली नसती. हेही लिही, असे मी नातीला सांगितले.

असहमत कास्तकार, अमरावती जिल्हा, वय ७४

इथे सगळे एकाच सुरात बोलत आहेत, म्हणून लिहितो. एकाधिकाराआधी व्यापारी काय करत होता, हे विसरलात का? रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरायचा, तो मालाच्या मालकाला कळायचा नाही. कट्टी, धर्मादाय, नमुना, हमाली असे करत करत क्विंटलमागे किती कापले जाई, याला गणती नव्हती. एकाधिकाराच्या सुरुवातीच्या वर्षांत मला बोनस मिळाला आणि त्या पैशात मी विहीर बांधली. आणि २००२ नंतर काय झाले? खुल्या बाजाराने कापसाचा भाव पाडला आणि आमच्याच जिल्ह्यांतल्या आत्महत्या साऱ्या देशाने पाहिल्या. सरकार नको म्हणणाऱ्यांनी त्या घरांत जाऊन बोलावे.

धागाकर्ती

काका, तुमचे म्हणणे मला नाकारता येत नाही, आणि रुमालाखालच्या बोटांचा अनुभव माझ्या आजोबांनाही होता. माझे म्हणणे एवढेच आहे की, लबाड काट्यावर उपाय दहा खरे काटे हा होता. आपण एकच काटा ठेवला. शिवाय खुला बाजार म्हणतो तोही खुला नव्हता: राज्य वरच्या भावाने कापूस घेत होते, त्याच वेळी गिरण्यांना रुई स्वस्त मिळावी म्हणून केंद्र सरकारने रुईच्या निर्यातीवर कोटा ठेवला होता. एका हाताने भाव वर बांधायचा, दुसऱ्या हाताने गिऱ्हाईक कमी करायचे, आणि मधल्या तोट्याचे बिल अर्थसंकल्पात टाकायचे. शेतमालाचा भाव सरकारच दाबून धरते, हे शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ऐंशीच्या दशकापासून सांगितले, तेव्हा आमच्या महाविद्यालयातल्या विद्वानांना ते अर्थशास्त्र वाटले नव्हते. मलाही वाटले नव्हते, हे कबूल करते. २००२ नंतरच्या मरणांची कारणे कर्ज, कोरडवाहू शेती, बियाणे, भाव अशी अनेक आहेत. त्यांच्यासाठी वेगळा धागा हवा, आणि त्यात तुम्ही पहिले लिहावे.

पावत्यांची पेटी

मी फार लिहीत नाही. मागच्या वर्षी वडील गेले. त्यांच्या लोखंडी पेटीत केंद्राच्या पावत्या वर्षवार दोऱ्याने बांधलेल्या सापडल्या. प्रत्येकीवर वजन, प्रत, रक्कम आणि भांडवल निधी म्हणून शेकडा तीन रुपयांची कपात आहे. हा पैसा तुमचाच आहे, तो पुढे परत मिळेल, असे त्यांना सांगितले होते. त्यांनी प्रत्येक पावतीच्या मागे पेन्सिलने त्या वर्षीची कपात आणि तिच्याखाली आधीची बेरीज लिहिली आहे. शेवटच्या पावतीमागे फक्त बेरीज आहे आणि पुढे एक रेघ ओढून जागा रिकामी ठेवली आहे. किती परत मिळाले किंवा मिळालेच नाही, याची नोंद कुठेच नाही. ज्यांच्या घरी अशा पावत्या असतील त्यांनी मागची बाजू उलटून पाहावी आणि रेघेपुढे काही लिहिलेले आढळले तर इथे कळवावे.